रिमोट बिघडलाय की टीव्ही? मोबाईलवर बघा
रिमोट चालेनासा झाला की दोष सेलचा, रिमोटचा की टीव्हीचा, हे कळत नाही आणि उगाच नवा रिमोट आणला जातो. त्याआधी हे करा.

१. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा. मागच्या कॅमेऱ्यात बरेचदा इन्फ्रारेड (रिमोटमधून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) अडवणारा फिल्टर जास्त कडक असतो, म्हणून पुढचाच बरा.
२. रिमोटच्या टोकाचा छोटा दिवा कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबून ठेवा.

स्क्रीनवर पांढरट-जांभळा ठिपका ठळक लुकलुकला, तर रिमोट सिग्नल पाठवतोय, टीव्हीकडे बघा. मंद दिसला किंवा दिसलाच नाही, तर आधी सेल बदला. एकेक बटण दाबून पाहिलं तर नेमकं कुठलं बटण मेलंय तेही कळतं, मला हाच भाग सर्वांत उपयोगी वाटतो.

ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटचा ठिपका दिसेलच असं नाही, तेव्हा तो बिघडला असं समजून टाकून देऊ नका.