कोल्हापुरातून एका दिवसाची स्वस्त सहल कशी आखावी : सेवानिवृत्तांसाठी

सहलीचा खर्च आणि दमणूक ही ठिकाणापेक्षा वार, वेळ आणि वाहन यांवर अधिक अवलंबून असते. जोतिबाचा डोंगर रविवारी किंवा पौर्णिमेला गाठला, तर गर्दीतच निम्मी शक्ती खर्ची पडते. तोच डोंगर बुधवारी सकाळी निवांत पाहता येतो. ज्यांना कचेरीची वेळ गाठायची उरलेली नाही, त्यांनी शनिवार-रविवार इतरांना सोडून द्यावा. चैत्र यात्रेच्या दिवसांत तर दर्शनाची ओढ असेल तरच तिकडे जावे.

पहिले काम म्हणजे स्वतःचा अंदाज घेणे. त्यासाठी रंकाळा पुरेसा आहे. आठवडाभर रोज सकाळी पदपथावरून चालावे आणि तासभर चालून दुसऱ्या दिवशी गुडघे कुरकुरतात का, हे पाहावे. कुरकुरत असतील, तर गडाचा बेत पुढे ढकलावा आणि रंकाळ्याचीच सहल करावी. संध्याकाळी तलावाकाठी फिरून पुढे गंगावेशीत म्हशीचे समोर काढलेले धारोष्ण दूध पिणे, हा कोल्हापूरकरांचा जुना शिरस्ता आहे. मात्र कच्चे दूध सोसत नसेल, तर केवळ परंपरेच्या मानासाठी पेला उचलू नये.

पुढचे काम कागदपत्रांचे. एसटीत ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. महिलांना मार्च २०२३ पासून वयाची अट न ठेवता अर्धे तिकीट लागते, त्यामुळे साठीच्या आतबाहेरच्या जोडप्यात अनेकदा पत्नीचा प्रवास पतीपेक्षा स्वस्त पडतो. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच आहेत. निपाणी-बेळगावकडे जाताना हद्दीपलीकडचे भाडे पूर्ण पडते. केएमटीच्या शहर बसचे नियम वेगळे असतात, ते वाहकाला विचारून घ्यावेत.

सोबत्यांची संख्याही आधीच ठरवावी. एसटी स्थानकापर्यंत किंवा पुढे रिक्षा करावी लागली, तर तिच्यात नियमाने तीनच प्रवासी बसतात. म्हणून तिघे किंवा सहाजण असले की भाड्याची वाटणी सरळ होते. पैसे एकाकडेच द्यावेत आणि हिशेब घरी आल्यावर करावा. दर चहाला पाकिटे निघू लागली, की सहलीचा निम्मा वेळ ‘राहू द्या, मी देतो’ यातच जातो.

आता गाडी. बहुतेकजण सकाळची गाडी विचारतात. खरे तर आधी परतीची विचारावी. चौकशी खिडकीवर शेवटच्या नव्हे, तर शेवटून दुसऱ्या गाडीची वेळ लिहून घ्यावी आणि तिला धरून दिवसाची उलटी मांडणी करावी. शेवटची गाडी चुकली, की खासगी वाहनाला द्यावे लागणारे पैसे पूर्ण दिवसाच्या खर्चापेक्षा जास्त होतात.

पहिल्या मोठ्या सहलीसाठी पन्हाळा घ्यावा, असे माझे मत आहे. शहरापासून तो सुमारे २० किलोमीटरवर आहे, एसटी थेट गडावर जाते आणि वर वस्ती असल्याने चहा, पाणी व सावली यांची चिंता नसते. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. ऊन चढण्याआधी सज्जा कोठी गाठावी, तेथून अंबरखान्याकडे यावे. गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांच्या धान्यकोठारांत दुपारीही गारवा असतो, त्यामुळे बसण्यासाठी ही जागा उत्तम. तीन दरवाजा आणि शेजारची अंधारबाव शेवटी पाहावी. अंधारबावीच्या पायऱ्या उतरायला सोप्या वाटतात, पण गुडघ्यावर खरा ताण उतारालाच येतो. एक हात भिंतीला आणि दुसरा काठीला असावा. दुपारी झुणका-भाकरी आणि दही मिळते. जेवणानंतर अर्धा तास चालू नये. पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी पदभ्रमंती हा निराळा आणि कष्टाचा प्रकार आहे. सराव नसताना तिच्या मोहात पडू नये.

हिवाळ्यात ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला, की करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत गुऱ्हाळे पेटतात. मालकाची परवानगी घेऊन तेथे तासभर थांबणे ही जवळजवळ फुकटातली सहल आहे. चुलवाणात म्हणजे मोठ्या चुलीत चिपाड लोटले जाते, काहिलीत म्हणजे पसरट कढईत रस उकळू लागतो, भेंडीच्या चिकाने वर आलेली मळी झाऱ्याने काढली जाते आणि रंग पाहून गूळ करणारा गुळव्या उतरणीची वेळ ठरवतो. काहील उतरताना मात्र दूर उभे राहावे. रसाचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो. मधुमेह असणाऱ्यांनी वास घ्यावा, काकवीची बाटली नातवंडांसाठी घ्यावी. या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी परतावे.

पिशवीत नेहमीच्या गोळ्या दुपारच्या मात्रेसह, पाणी, टोपी आणि भडंगाचा पुडा एवढे पुरते.

नृसिंहवाडी आणि तेथून पुढे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हा पूर्ण दिवसाचा बेत आहे. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी गोल उघडे आहे, म्हणून ते भर दिवसाच पाहावे. ही दोन्ही ठिकाणे कृष्णाकाठची असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यापूर्वी नदीची पातळी विचारावी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळणाऱ्या पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आकडा ३९ च्या जवळ येत असेल, तर खालच्या भागातील रस्ते बंद होण्याआधी हा बेत ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलावा.