पावसात बुडालेली शाळा भरून काढताना या चुका टाळा

जुलैत रेड अलर्ट आला की रात्री जिल्हाधिकाऱ्यांचा शाळांना सुट्टीचा आदेश ग्रुपवर पडतो. पोरं खूश, आणि आपण शिक्षक बोटांवर बुडालेले दिवस मोजायला बसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास असं लिहिलंय. घोळ इथेच होतो. दिवस सगळे मोजतात, तासांकडे कुणी बघत नाही.

सगळ्यात मोठी चूक रविवारची. मंगळवार बुडाला, रविवारी शाळा भरवली, हिशेब चुकता! आमच्या कोकणात जुलैचा रविवार भातलावणीचा. मीही एकदा हा उद्योग केलाय. पटावर तेवीस, समोर नऊ, त्यातही दोघं चिखलाच्या पायांनी थेट शेतातून आलेली. शाळेच्या वेळेची एसटी रविवारी नसते हे मला दहा वाजता कळलं. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना तर निरोपच नव्हता. दुपारी बिस्किटांचे पुडे वाटले. रविवार घ्यायचाच असेल तर लावणी उरकल्यावर घ्या, आणि पालक, ताई, एसटी या तिघांचं आधी विचारा.

संध्याकाळी अर्धा तास वाढवणं कागदावर छान दिसतं. बुडालेले पाच तास दहा दिवसांत वसूल. पण वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढायला लागलं की शेवटच्या अर्ध्या तासात पोरांचे डोळे खिडकीबाहेर असतात, आणि खरं सांगायचं तर आपलेही. त्यापेक्षा शनिवारची सकाळची शाळा दीड-दोन तास लांबवा. तीन शनिवारांत एक दिवस निघतो.

मात्र त्या वाढीव वेळात शनिवारचंच वेळापत्रक रेटू नका. बुडालेल्या मंगळवारी विज्ञानाच्या दोन तासिका होत्या ना? मग त्याच घ्या. टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांची टिपणं असतात त्या वहीच्या, शेवटच्या पानावर तारीख, तासिका, घटक एवढं लिहून ठेवलं की पुरतं. अकरा वाजता पोरं घरी सोडली ते दिवसही तिथे लिहा. हजेरीपत्रकात ते पूर्ण दिसतात, तासिका मात्र गेलेल्या असतात.

पीडीएफ पाठवली म्हणजे शिकवून झालं, हे तर विसराच. वीज गेलेली, फोन बापाबरोबर कामावर.

तीन दिवसांनी शाळा उघडली की पहिल्याच तासाला नवा धडा काढू नका. निम्मा वर्ग आलेला नसतो, आलेल्यांच्या वह्या भिजलेल्या असतात. उजळणी घ्या. आणि गणितासाठी खेळाची तासिका खाऊ नका. आठवडाभर घरात कोंडलेली पोरं आहेत ती.

दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस कापू, असं कुणीतरी सुचवतंच. तसं करायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) लेखी कळवा, आणि हे सगळं गणपतीआधी उरका. त्यानंतर मुंबईच्या मामाकडची तिकिटं काढून झालेली असतात.