रसेल यांच्यावर लेख लिहायचा तर

ब्रिटिश तत्त्वज्ञ आणि गणिती बर्ट्रांड रसेल यांच्या सार्वजनिक आयुष्यावर हजार-बाराशे शब्द लिहायचे असतील तर आधी एक कागद आडवा धरून चार रकाने आखा: तारीख, वय, काय केलं, त्यापायी काय भोगलं. जन्म १८ मे १८७२, मृत्यू २ फेब्रुवारी १९७०. एवढ्या लांब आयुष्यात वयाचा रकाना नसला की घोटाळा ठरलेलाच.

सगळ्यात जास्त घोटाळा तुरुंगवासाचा होतो. रसेल लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या तुरुंगात दोनदा गेले. पहिल्यांदा १९१८ मध्ये, सहा महिन्यांची शिक्षा होऊन. अमेरिकी सैनिक इंग्लंडमध्ये संप मोडायला वापरले जातील, असं एका युद्धविरोधी नियतकालिकात लिहिल्याबद्दल. कैदी पहिल्या वर्गातला, त्यामुळे पुस्तकं आणि लेखणी मिळाली. गणिताच्या तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारं पुस्तक तिथंच लिहून झालं. दुसऱ्यांदा सप्टेंबर १९६१ मध्ये, अण्वस्त्रविरोधी निदर्शनांपायी. तेव्हा वय ८९, शिक्षा दोन महिन्यांची. प्रकृतीमुळे ती सात दिवसांवर आली. हे दोन्ही प्रसंग एकाच परिच्छेदात घालू नका, वाचक ते एकच समजतो.

‘तुरुंगात गेले म्हणून केंब्रिजची नोकरी गेली’ हे वाक्यही सर्रास दिसतं. क्रम उलटा आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजनं त्यांना १९१६ मध्येच काढलं, एका युद्धविरोधी पत्रकाबद्दल १०० पौंड दंड झाल्यावर. तुरुंग त्यानंतर दोन वर्षांनी.

नोबेल १९५० चं, साहित्याचं. शांततेचं नव्हे.

आइनस्टाईनसोबतच्या अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्याच्या तारखा नीट लावा. आइनस्टाईन यांनी सही केली ती ११ एप्रिल १९५५ ला, १८ एप्रिलला ते गेले, आणि लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये रसेल यांनी जाहीरनामा मांडला ९ जुलैला. ‘दोघांनी मिळून जाहीर केला’ असं लिहिलंत तर मेलेल्या माणसाला व्यासपीठावर बसवल्यासारखं होईल.

आता अवघड जागा. दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षं रसेल म्हणत होते की रशियाकडे अणुबॉम्ब येण्याआधीच त्याला युद्धाची धमकी देऊन अण्वस्त्रांवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण मान्य करायला लावावं. पुढे आपण असं म्हटल्याचं त्यांनी नाकारलं, आणि १९५९ मध्ये बीबीसीवरच्या मुलाखतीत ते म्हटल्याचं कबूल केलं. शांततावादी म्हणून हार घालणारे लेख हे गाळतात. टीकाकार तेवढंच उचलतात. तुम्ही विधान, नकार आणि कबुली तिन्ही ओळीनं लिहा. पहिल्या महायुद्धाला विरोध करणाऱ्या रसेल यांनी हिटलरविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा दिला, हेही इथंच सांगा, म्हणजे ‘सदासर्वकाळ शांततावादी’ हा शिक्का आपोआप गळतो.

त्यांचं आत्मचरित्र १९६७ ते ६९ मध्ये तीन खंडांत आलं, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या घटना पन्नास वर्षांनी छापून आल्या. तिथली तारीख त्या काळच्या पत्राशी जुळली नाही, तर पत्राची घ्या. त्यांची कागदपत्रं कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात आहेत.