गोचिडीचं औषध अंगावर आलं तर : या चुका टाळा

पावसाळा लागला की पुण्यात गोचिडींचा सुळसुळाट होतो. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर फिरून आलेल्या कुत्र्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवला की एखादी लागतेच. मग घाईघाईत औषध आणून लावलं जातं आणि रात्री जनावर थरथरायला लागतं. दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. ते कोणाला दिलं आणि किती दिलं, तिथे गडबड झालेली असते.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे कुत्र्याचं औषध मांजराला लावणं. कुत्र्यांच्या मानेवर घालायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही, त्यामुळे 'थोडंसंच लावलं' हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. आधी कान फडफडतात, मिशांजवळची कातडी उडते, पंजे झटकले जातात. मग लाळ गळते, तोल जातो आणि झटके येतात. हे काही तासांतच दिसू लागतं, कधी दुसऱ्या दिवशीही. घरात दोघंही असतील तर मांजर कुत्र्याच्या कुशीत झोपतं, त्याला चाटतं, तेवढंही पुरतं. अशा घरात परमेथ्रिन आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी घडलंच, तर भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन औषध लागलेला भाग धुवा, टॉवेलने कोरडं करा, ऊब द्या आणि निघा. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. आणि अंग तापलं म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल मांजराला कधीही देऊ नका, तीही त्याच्यासाठी विषच आहे.

दुसरी गडबड गुरांच्या औषधाची. अमिट्राझ या गोचीडनाशकाचं १२.५ टक्क्यांचं द्रावण स्वस्तात मिळतं आणि ते पाण्यात मोजून मिसळायचं असतं. टोपणाने अंदाजे ओतलं, की कुत्रं सुस्त पडतं, नाडी मंदावते, अंग गार लागतं. पुष्कळदा 'झोपलंय बिचारं' म्हणून तसंच राहू दिलं जातं. हाक मारूनही ते उठत नसेल तर ती झोप नव्हे. मधुमेही कुत्र्याला अमिट्राझ नको, कारण त्याने रक्तातली साखर वाढते.

चघळायच्या गोळ्यांचं वेगळं. त्यातल्या आयसोक्झॅझोलिन या औषधगटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) सप्टेंबर २०१८ मध्ये इशारा दिला, की काही जनावरांत थरथर, तोल जाणं, झटके दिसू शकतात. बहुसंख्य कुत्र्यांना त्या सोसतात, म्हणून घाबरून बंद करू नका. पण पूर्वी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण थेंब धुता येतात, पोटात गेलेली गोळी काढता येत नाही. काही गोळ्यांचा असर महिनाभर, काहींचा १२ आठवडे राहतो.

इथेच आणखी एक चूक होते. गोळी दिल्यावर तिसऱ्या दिवशी गोचीड दिसली, म्हणून दुसरी गोळी दिली जाते. ही औषधं गोचीड चावल्यावरच तिला मारतात, त्यामुळे अंगावर एखादी दिसणारच. गोचिडींची नवी पिल्लं भिंतीच्या भेगांतून, पायपुसण्यातून येत राहतात. तेव्हा घर साफ करा, डोस वाढवू नका. वजनही अंदाजे धरू नका: कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. मोठ्या कुत्र्याची थेंबांची नळी दोन छोट्यांत वाटू नका.

औषध चाटल्यावर नुसता फेस आला तर ते बहुधा कडू चवीमुळे असतं, तोंड पाण्याने पुसा आणि लक्ष ठेवा. सशाला मात्र फिप्रोनिल हे गोचिडीचं औषध अजिबात लावायचं नाही.

दवाखान्यात जाताना रिकामं पाकीटही न्या. औषध कधी लावलं ती वेळ सांगा. निघण्याआधी फोन करून डॉक्टर आहेत ना, सलाइन लावता येईल ना, हे विचारा. आणि ताप, फिकट हिरड्या, जेवण बंद अशी लक्षणं असतील तर सगळा दोष औषधावर टाकू नका. गोचिडीतून येणारा तापही असाच दिसतो, त्यासाठी रक्ततपासणी करायला सांगा.