जुन्या मोटारीचा हॉर्न: मूळ दुरुस्त करावा की नवी प्रतिकृती बसवावी?

व्हिंटेज मोटारीचे काम काढले की हॉर्नचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. इंजिन, पत्रा, रंग, गाद्या आणि प्लेटिंग यांत पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात, आणि मग बाजारात जो मिळेल तो हॉर्न पुढच्या दांडीवर चढवून काम उरकले जाते. ही घाई टाळली पाहिजे. १९२० आणि १९३० च्या दशकांतील पुष्कळ मोटारींचा हॉर्न बॉनेटखाली दडलेला नसतो. तो हेडलाइटच्या शेजारी, दर्शनी भागात असतो, आणि वाजला की गाडी नजरेस पडण्याआधीच तिचा काळ सांगून टाकतो. शिवाय व्होल्टेज, अर्थिंग आणि तारेची जाडी यांचा हॉर्नशी थेट संबंध असल्यामुळे मूळ हॉर्न दुरुस्त करायचा की नव्याने घडवलेली प्रतिकृती घ्यायची, हे वायरिंग सुरू करण्यापूर्वीच ठरलेले असावे.

या बाबतीत माझे मत असे आहे. गाडीचा स्वतःचा हॉर्न गाडीवर टिकून असेल, तर तो कितीही गंजलेला असला तरी प्रथम त्याच्या दुरुस्तीचा प्रयत्न करावा. परंतु तो हरवला असेल, तर दुसऱ्याच मॉडेलवरून उतरवलेला ‘ओरिजिनल’ हॉर्न आणून बसवण्यापेक्षा योग्य नमुन्यावरून बनवलेली आणि तशी उघड नोंद केलेली प्रतिकृती अधिक प्रामाणिक ठरते. जुन्या सामानाच्या बाजारात ‘जुने’ आणि ‘मूळ’ हे एकच समजले जाते, आणि बहुतेक चुकीची खरेदी तिथेच होते. एखाद्या ब्रिटिश मोटारीवर अमेरिकन मोटारीचा अस्सल हॉर्न बसवला, तर तो हॉर्न अस्सल राहतो, पण गाडी अस्सल राहत नाही.

त्यामुळे पहिले काम म्हणजे आपल्या गाडीवर कारखान्यातून कोणत्या जातीचा हॉर्न आला होता, हे शोधणे. गाडीची मूळ पुस्तिका, सुट्या भागांची यादी, घरातील जुनी छायाचित्रे आणि दांडीवरच्या बोल्टच्या छिद्रांतील अंतर यांवरून ते बरेचसे कळते. ढोबळमानाने तीन जाती आहेत: रबरी फुग्याचा पितळी भोंगा, मोटरवर चालणारा क्लॅक्सन पद्धतीचा हॉर्न, आणि विद्युतचुंबकाने पोलादी पडदा कंप पावणारा हॉर्न. मूळ की प्रतिकृती, या प्रश्नाचे उत्तर तिन्हींसाठी सारखे नाही.

फुग्याचा भोंगा

येथे निर्णय सर्वांत सोपा आहे. भोंग्याचा आवाज फुग्यातून येत नाही. तो गळ्यात बसवलेल्या पितळी पातीच्या कंपनातून येतो. रबर हे नाशवंत असल्यामुळे नवा फुगा बसवल्याने मूळपणा उणावत नाही. पाती मात्र जपावी, आणि ती वाकवून सूर ‘दुरुस्त’ करण्याच्या फंदात पडू नये. बहुतेक वेळा केवळ हिरवा कळंक आणि धूळ काढली की ती पुन्हा बोलते. पोचे काढण्यासाठी मोटारीच्या डेंटिंगवाल्यापेक्षा बँडची पितळी वाद्ये दुरुस्त करणारा कारागीर गाठावा, कारण पातळ पितळेच्या वळणदार नळीतून पोचा आतून उचलण्याची हत्यारे त्याच्याकडे असतात. जोराचे बफिंग टाळावे. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या ‘किंग ऑफ द रोड’सारखी ठशांची अक्षरे एकदा झिजली की ती परत येत नाहीत.

आपल्याकडे नवे पितळी भोंगे सहज आणि स्वस्त मिळतात. ते शोभेसाठी ठीक असले, तरी विकत घेण्यापूर्वी लोहचुंबक लावून पाहावा. चुंबक चिकटला तर वर पितळेचा मुलामा आणि खाली पोलादी पत्रा आहे, आणि तो पहिल्याच पावसाळ्यात उघडा पडेल.

मोटरचा हॉर्न

खरी कसोटी या जातीत लागते. मिलर रीझ हचिसन यांच्या शोधावरून अमेरिकेतील न्यूअर्कच्या लव्हेल-मॅकॉनेल कंपनीने १९०८ च्या सुमारास ‘क्लॅक्सन’ बाजारात आणला. त्यात एक लहान मोटर दातेरी चाक फिरवते, ते दाते पडद्याच्या मध्यभागी बसवलेल्या टणक बटणावर आपटतात, आणि पडदा घरघरत्या, भेदक आवाजात कंप पावतो. मोटर वेग घेते तसा सूर चढतो आणि बटण सोडल्यावर ती मंदावते तसा उतरतो. ‘आऊऽगा’ हा ओळखीचा ध्वनी या चढउतारातूनच तयार होतो. फोर्डच्या ‘मॉडेल ए’चा हॉर्न याच तत्त्वावर चालतो. फोर्डच्या गाड्यांची जुळणी मुंबईत होत असे आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला होता, त्यामुळे त्या काळातील अमेरिकन मोटारी महाराष्ट्रात आजही सांभाळलेल्या आढळतात.

मूळ हॉर्न हाती आला की तो उत्साहाच्या भरात थेट बॅटरीला लावू नये. वंगण घट्ट होऊन मोटर अडकलेली असेल, तर ती फिरत नाही, प्रवाह मात्र भरपूर ओढते, आणि ऐंशी-नव्वद वर्षे टिकलेली कॉइल काही क्षणांत जळते. आधी मागचे झाकण काढून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, हाताने फिरवून पाहावे. जुने ग्रीस रॉकेलने भिजवलेल्या कापडाने काढावे, पण रॉकेल कॉइलवर जाऊ देऊ नये. कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, साफ करण्यासाठी अगदी बारीक काचकागद वापरावा; एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांमधल्या खाचांत अडकून शॉर्ट करतात. मग मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासाव्यात: कॉइल अखंड आहे का, आणि ती हॉर्नच्या अंगाला कोठे टेकत तर नाही ना.

या तपासणीतून निर्णय आपोआप पुढे सरकतो. कम्युटेटरवर टेकून प्रवाह देणारे ब्रश झिजलेले असणे, स्प्रिंग सैल असणे, तारेवरचे कापडी आवरण विरलेले असणे, ही दुरुस्तीची कारणे आहेत. कॉइल जळलेली असली तरी हॉर्न टाकाऊ समजू नये. शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करणारी दुकाने तालुक्यातालुक्यात आहेत, आणि जुन्या कॉइलचे वेढे मोजून व तारेचा गेज मापून दिला, तर तेथील अनुभवी माणूस हे काम करू शकतो. पडदा तडकला असेल किंवा बटणाभोवती गंजून चाळणी झाला असेल, तर त्याच जाडीचा पडदा बनवून घ्यावा लागतो. जाडी बदलली की आवाज बदलतो. मुख्य सांगाडा फुटला असेल आणि दातेरी चाकही नष्ट झाले असेल, तरच दुरुस्तीचा नाद सोडावा. दुसऱ्या हॉर्नमधून भाग काढून आणताना एक लक्षात ठेवावे, की ‘मॉडेल ए’साठीसुद्धा स्पार्टन, ई. ए., एम्स अशा वेगवेगळ्या पुरवठादारांचे हॉर्न वापरले गेले होते आणि त्यांचे आतील भाग एकमेकांना बसतीलच असे नाही.

जुळणीनंतर बॅटरी पूर्ण चार्ज करून, सर्किटमध्ये अँमीटर लावून समायोजन करावे. मागचा स्क्रू सैल असेल तर नुसती मोटरची गुणगुण ऐकू येते. फार आवळला तर दाते बटणात रुततात, मोटर दबते आणि काटा उसळी घेतो. दाते बटणाला जेमतेम स्पर्श करतील आणि मोटर मोकळेपणाने वेग घेईल, अशी जागा थोडे थोडे फिरवून शोधावी लागते.

प्रतिकृतीकडे वळताना विजेचा एक मुद्दा विक्रेते क्वचितच सांगतात. जुन्या हॉर्नमधील मोटर सिरीज वाइंडिंगची, म्हणजे स्थिर कॉइल आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेली असते, त्यामुळे धन-ऋण टोकांची अदलाबदल केली तरी फिरण्याची दिशा तीच राहते. अनेक नव्या प्रतिकृतींमध्ये मात्र कायमच्या चुंबकाची छोटी मोटर असते, आणि ती टोके उलटली की उलटी फिरते. ‘मॉडेल ए’ ही ६ व्होल्टची आणि धन टोक चासीला जोडलेली गाडी आहे. अशा गाडीत ती मोटर, ऋण टोक चासीला धरून दिलेल्या सूचनापत्रातील रंग पाहून जोडली तर हॉर्न नीट वाजणार नाही. म्हणून प्रतिकृती घेताना ती ६ व्होल्टची आहे का, तिची दोन्ही टोके अंगापासून वेगळी आहेत का आणि आत खरा पोलादी पडदा आहे की केवळ स्पीकर, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्पीकरवर वाजणारे इलेक्ट्रॉनिक ‘आऊऽगा’ हे व्हिंटेज गाडीवर कोणत्याही किमतीत घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पडद्याचा विजेचा हॉर्न

ल्यूकसचा ‘अल्टेट’ हा या जातीचा प्रसिद्ध नमुना अनेक ब्रिटिश मोटारींवर आणि मोटारसायकलींवर दिसतो. यात विद्युतचुंबक पडदा ओढतो, ओढताच पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडतात, प्रवाह तुटतो, पडदा परत येतो, आणि हे चक्र वेगाने चालू राहते. बंद पडलेल्या हॉर्नचे निदानही या चक्रावरूनच होते. बटण दाबल्यावर एकदाच ‘टक्’ झाले आणि अँमीटरचा काटा वर जाऊन तेथेच थांबला, तर पॉइंट उघडत नाहीत. काटा हललाच नाही, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा कॉइल तुटली आहे. टंगस्टनचे पॉइंट बारीक कानशीने साफ करून स्क्रू थोडा फिरवला की असे पुष्कळ हॉर्न जिवंत होतात. म्हणूनच या जातीत प्रतिकृतीची गरज मला फार कमी वाटते.

‘रिस्टोअर केलेला मूळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अल्टेटचे बारीक स्क्रू आवर्जून पाहावेत. त्या काळी ल्यूकसच्या विद्युत सामानात ब्रिटिश असोसिएशन पद्धतीचे आटे असत; तेथे मेट्रिक स्क्रू दिसले, तर निदान काही भाग तरी नवा आहे. नावाच्या पट्टीचे रिवेट चकचकीत आणि बाकी अंग जुने असणे हीदेखील संशयाची खूण आहे. विक्रेत्याने तो नवा भाग असल्याचे सांगितले, तर त्यात काही गैर नाही. लपवले, तर तो हॉर्न तेथेच सोडून द्यावा.

गाडी पूर्वीच्या मालकाने १२ व्होल्टवर नेलेली असेल, तर ६ व्होल्टचा मूळ हॉर्न तसाच जोडू नये. दुप्पट व्होल्टेजवर साध्या कॉइलमध्ये चौपट उष्णता निर्माण होते. योग्य क्षमतेचा रोध मध्ये घालावा, किंवा गाडी पुन्हा ६ व्होल्टवर आणावी. त्या वेळी तारा जाड घ्याव्यात, कारण तेवढ्याच शक्तीसाठी ६ व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो.

कायद्याची अडचण या निवडीत फारशी येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ ने अनेक सुरांचे आणि कर्कश, दचकवणारे हॉर्न वर्ज्य केले आहेत, म्हणून हवेच्या दाबावरचे नवे ‘म्युझिकल’ संच मनातूनही काढून टाकावेत. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या ‘व्हीए’ मालिकेच्या नोंदणीत चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्यावर भर आहे. केवळ प्रतिकृती हॉर्नमुळे गाडी अपात्र ठरेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रदर्शनातील परीक्षकांची नजर मात्र अधिक बारीक असते.

प्रतिकृती बसवलीच, तर तिच्या मागच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी, बसवल्याचे वर्ष कोरून ठेवावे आणि गाडीच्या वहीत नोंद करावी. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेचीही बदललेल्या भागांबद्दल अशीच अपेक्षा आहे. दुरुस्त न झालेला मूळ हॉर्न भंगारात देऊ नये. त्याचा पडदा आणि अंतर्भाग यांवर पातळ तेलाचा हात फिरवून, रबर व कॉइल तेलापासून दूर ठेवून, चासी क्रमांकाची चिठ्ठी बांधून तो कोरड्या डब्यात ठेवावा, म्हणजे पुढे योग्य भाग मिळाला तर काम तेथूनच सुरू करता येईल आणि गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली तरी हॉर्न तिच्यासोबतच जाईल.