डिस्क घेताना इंटरफेस कसा निवडावा

नागपूरच्या बर्डीला दुकानात जाण्याआधी आपल्या मदरबोर्डचा (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डाचा) पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याची पुस्तिका उतरवून घ्यावी. खोक्यावरचा मोठा आकडा पाहून डिस्क घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये.

इंटरफेस म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत; त्यांच्या वेगाची तुलना सोपी आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी देते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) ५५० च्या आसपास थांबते, तर एनव्हीएमई ही वेगवान जोडणीची एसएसडी जेन ३ मध्ये (तिसऱ्या पिढीत) ३५०० आणि जेन ४ मध्ये ७००० पर्यंत जाते.

खरी गुंतागुंत एम.२ स्लॉटची, म्हणजे पट्टीसारखी डिस्क बसवण्याच्या मदरबोर्डवरील खाचेची आहे, आणि पूर्वी मीही इथेच अडलो होतो. एम.२ हा केवळ आकार आहे. त्याच आकाराच्या पट्टीत साटाही मिळते आणि एनव्हीएमईही. साटाची पट्टी फक्त एनव्हीएमई चालवणाऱ्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ती दिसत नाही. म्हणून "बसली म्हणजे चालणार" असे सांगणाऱ्याकडून खरेदी करूच नये. पुस्तिकेतील स्टोरेजचा तक्ता ओळ न ओळ वाचावा, कारण अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट भरताच साटाचे एखाद-दुसरे पोर्ट बंद होते आणि त्यावरची जुनी, धडधाकट डिस्क बिघडली असे समजून लोक ती उगाच बदलतात. स्लॉट जेन ३ चा असेल तर जेन ४ ची पट्टी जेन ३ च्याच वेगाने चालते. ती स्वस्त मिळत नसेल तर जास्तीचे पैसे मोजू नयेत.

किमती एकाच दिवशी दोन-तीन दुकानांतून घ्याव्यात आणि प्रत्येकीला क्षमतेने भागावे. सास (सर्व्हरसाठीच्या जोडणीची) डिस्क जुन्या सर्व्हरमधून स्वस्त मिळते, पण ती साटा पोर्टला लागत नाही. वेगळ्या कंट्रोलर कार्डाचा खर्च हिशेबात धरावा. लग्नाचे व्हिडिओ, फोटो आणि बॅकअप यांसाठी हार्ड डिस्कच परवडते. विंडोज आणि रोजची कार्यालयीन कामे यांना साटा एसएसडी पुरते; एनव्हीएमईचा फरक मोठ्या फाइली सतत हलवणाऱ्यालाच जाणवतो.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि तापलेली एनव्हीएमई स्वतःहून वेग कमी करते. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसलेल्या बोर्डासाठी तो वेगळा घ्यावा, आणि बसवताना त्याच्या चिकटपट्टीवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा आठवणीने काढावा.