संथ ऐतिहासिक चित्रपटाचा अभ्यास: आयुष्य बदलत असताना

चित्रपट रसग्रहणाच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्यांना जे चित्रपट सर्वांत जड जातात, त्यांत संथ गतीचे ऐतिहासिक चित्रपट अग्रभागी असतात. त्यातही आपल्या आयुष्यात काही मोठी उलथापालथ चालू असेल, तर अशा चित्रपटासमोर तीन तास बसणे अशक्यच वाटते. माझा अनुभव मात्र उलटा आहे. हिशेब विभागातील अनेक वर्षांची नोकरी सोडून मी या अभ्यासाला लागले, त्याच सुमारास वडिलांच्या आजारपणामुळे घरातील सगळे निर्णय माझ्याकडे आले, आणि त्या काळात मला सर्वाधिक शिकवले ते लुकिनो विस्कॉन्टी यांच्या १९६३ सालच्या ‘द लेपर्ड’ या इटालियन चित्रपटाने.

चित्रपटाचा काळ १८६० पासून पुढचा आहे. त्या वर्षी ११ मे रोजी इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गारिबाल्डी आपल्या हजारभर स्वयंसेवकांसह सिसिलीतील मार्साला येथे उतरला, तिथली बूर्बों राजघराण्याची सत्ता कोसळली आणि पुढच्याच वर्षी एकसंध इटलीचे राज्य जाहीर झाले. चित्रपट पाहण्यापूर्वी एवढे वाचून घेतले तरी पुरे. जाडजूड इतिहासग्रंथ घेऊन बसल्यास पडद्यावर केवळ सनावळ्या शोधल्या जातात आणि माणसे निसटतात.

हे माणसांकडे पाहणे पहिल्याच प्रसंगात सुरू करावे. सिसिलीतल्या सालिना या सरदार घराण्याच्या प्रासादात कुटुंब जपमाळेची प्रार्थना म्हणत आहे, खिडक्यांचे पडदे वाऱ्याने फडफडत आहेत आणि बाहेरून गडबड ऐकू येऊ लागते. बागेत एका सैनिकाचे प्रेत सापडले आहे. पण घरचे प्रमुख प्रिन्स फाब्रिझिओ प्रार्थना पुरी झाल्याशिवाय उठत नाहीत. क्रांती दारात येऊन ठेपली आहे आणि कॅमेरा गुडघे टेकलेल्या माणसांवर थांबला आहे. नवख्या अभ्यासकाला इथे ‘काहीच घडत नाही’ असे वाटते. वास्तविक, बाहेरचा आवाज वाढत असताना कोण मान वळवतो, कोण वळवत नाही आणि सगळ्यांचे डोळे कोणाकडे लागतात, हीच या प्रसंगातली घटना आहे.

म्हणून पहिल्यांदा चित्रपट मध्ये न थांबवता सलग पाहावा आणि टिपणे दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवावीत. संथपणा हा कालावधीचा परिणाम असतो. तुकड्यातुकड्यांनी पाहिल्यास तो मुळी अनुभवालाच येत नाही.

अखेरच्या नृत्यसमारंभाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण अभ्यासासाठी याहून चांगला प्रसंग मला सुचत नाही. सुमारे पाऊण तासाचा, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश चित्रपट व्यापणारा हा प्रसंग इतका लांब का, याचे उत्तर मूळ कादंबरीत आहे. लाम्पेदुसा यांची ती कादंबरी प्रिन्सच्या मृत्यूपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. विस्कॉन्टींनी ती शेवटची प्रकरणे वगळली, आणि त्यामुळे मृत्यूची सारी चाहूल या एका रात्रीला पेलावी लागते. प्रिन्स एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरत राहतात, खिदळणाऱ्या तरुण मुलींकडे त्रासिक नजरेने पाहतात, मृत्युशय्येचे एक चित्र न्याहाळत उभे राहतात आणि मग भाच्याची वाग्दत्त वधू अँजेलिका हिच्या आग्रहावरून तिच्याबरोबर वॉल्ट्झ नाचतात. त्या नाचात प्रिन्सची भूमिका करणाऱ्या बर्ट लँकेस्टर यांची पाठ किती ताठ आहे ते पाहावे आणि नंतर आरशासमोर एकटे असताना त्यांचा चेहरा पाहावा. यांतले एखादे दालन संकलनात गाळले असते, तर तो ताठपणा आणि तो थकवा यांतले अंतर आपल्याला मोजता आले नसते.

नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत माझ्या विभागात नवीन अधिकारी आले होते. ते माझे मत अत्यंत आदराने विचारत आणि निर्णय आधीच झालेला असे. त्यानंतर हा चित्रपट पाहताना नव्या राज्याच्या राजधानीतून, तूरिनहून, आलेला सरकारी प्रतिनिधी शेव्हाली प्रिन्सना सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, जागा देऊ करतो, तो लांबलचक संवादाचा प्रसंग मला अक्षरशः अंगावर आला. प्रिन्स नकार देतात आणि आपल्याऐवजी कालोजेरो सेदारा या नवश्रीमंताचे नाव सुचवतात. या नकारात मला फक्त कटुता ऐकू येत होती.

अशा वेळी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारण्याची सवय फार उपयोगी पडते. डाव्या बाजूला पडद्यावर दिसलेले आणि ऐकलेले तेवढेच लिहावे; उजव्या बाजूला स्वतःला जे आठवले, जे जाणवले ते. माझ्या उजव्या रकान्यात अपमान, राग असे शब्द होते. डाव्या रकान्यात मात्र प्रिन्सचा शांत आवाज, पाहुण्याशी राखलेले अगत्य आणि सिसिलीविषयीचे त्यांचे सविस्तर बोलणे होते. दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचल्यावर त्या नकारातला थकवा आणि स्पष्ट समज मला दिसली, आणि माझ्या निबंधाचा विषयही तिथेच सापडला. उजवा रकाना निरर्थक नसतो. कोणत्या प्रसंगापाशी थांबायचे हे तोच सांगतो. निबंधातले विधान मात्र डाव्या रकान्याच्या आधारावरच उभे राहिले पाहिजे. परीक्षक तुमचे दुःख तपासत नाहीत, ते पुरावा तपासतात, आणि ते योग्यच आहे.

घरात आजारपण असताना अभ्यासाला सलग वेळ मिळत नाही, हे मी जाणते. त्या दिवसांत दुसऱ्या पाहण्यासाठी एकच प्रसंग निवडावा. कुटुंब लांबच्या प्रवासानंतर थेट चर्चमध्ये येऊन बसते आणि कॅमेरा धुळीने माखलेल्या चेहऱ्यांवरून संथपणे सरकतो, तो प्रसंग यासाठी उत्तम आहे. एकदा तो आवाज बंद करून पाहावा, एकदा डोळे मिटून फक्त ऐकावा, आणि मग कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यापाशी किती रेंगाळतो याची नोंद करावी. प्रत्येक नोंदीवर तारीख घालायला विसरू नये. वर्षभराने तोच प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा उजवा रकाना बराच बदललेला असेल आणि डाव्या रकान्यात पूर्वी न दिसलेल्या दोन-चार गोष्टींची भर पडलेली असेल. निबंधाचे पुढचे टिपण त्या भर पडलेल्या गोष्टींपासून सुरू करावे.